थेंब पडतो तिथे गळती नसते

फौजेतून निवृत्त झालो आणि तंजावरात राहिलो. इथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. पण आज बोलायचंय ते माझ्या गाडीखालच्या काळ्या डागाबद्दल.

रोज सकाळी रुपयाएवढा डाग. गॅरेजात दोनदा चेंबरचं गॅस्केट बदललं, डाग तसाच. तिसऱ्यांदा मेकॅनिक म्हणाला, "सर, गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बदलू." खर्च मोठा. म्हटलं, थांब, आधी टेहळणी करू.

तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या जागी ठिबकतं. म्हणून शोध वरून सुरू करायचा. गार इंजिन धुतलं, वाळवलं, संशयाच्या जागी पट्टे सांभाळून टाल्कम पावडर लावली. कुंभकोणमला जाऊन आलो. टॉर्च मारला, तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला ओली रेघ!

पण गॅस्केट फुगलं का? पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला; खुळखुळला नाही, म्हणजे चोंदलेला. आतली वाफ बाहेर पडेना, दाब वाढून तेल ढकललं जात होतं. दोन्ही बदललं. खाली पुठ्ठा ठेवला. तीन आठवडे कोरडा.

त्या पोरावर मी चिडलो होतो. पण दोन्ही वेळा "करून टाक" म्हणणारा मीच. वाकून पाहिलं होतं कुणी? मग जाऊन त्याला तसं सांगितलं.