नाकतोड्याचे अंतरंग



पावसाळ्यात बांधावर सहज सापडणारा नाकतोडा म्हणजे खेड्यातील शाळेला लाभलेले बिनखर्ची शास्त्रसाहित्यच होय. मात्र तो शिकविताना एक अडचण हटकून येते. मूल प्रत्येक प्राण्याच्या देहात स्वतःचाच देह शोधते. "नाकतोडा श्वास कशाने घेतो?" असे विचारताच वर्ग उत्तरतो, "नाकाने!" नावातच नाक असल्याने हा समज अधिकच दृढ होतो. पाठाचा आरंभ या उत्तरापासूनच करावा.

काचेच्या बरणीत गवतासह एक नाकतोडा ठेवून तोंडाला फडके बांधावे. त्याचे पोट लोहाराच्या भात्याप्रमाणे फुगते व आकसते, हे मुलांना दिसेल. शरीराच्या दोन्ही बाजूंस बारीक श्वासरंध्रे असतात; छातीवर 2 आणि पोटावर 8, अशा त्यांच्या 10 जोड्या. तेथून निघालेल्या श्वासनलिकांना झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटत जातात आणि हवा थेट प्रत्येक अवयवाशी पोचते. नाकतोड्याला फुप्फुसे नाहीत. केवळ डोके पाण्यात बुडाले, तरी तो गुदमरत नाही, याचे कारण हेच.

यातूनच दुसरे कोडे सुटते. किड्याला रक्तच नसते, असे मुले म्हणतात. रक्त असते, परंतु प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याच्याकडे नसल्याने त्याला तांबडा रंग देणारे द्रव्य त्यात नसते. ते शिरांच्या जाळ्यातून न वाहता देहाच्या पोकळीत अवयवांभोवती खेळते. पाठीलगतची लांबट नळी हेच हृदय. ते रक्त डोक्याकडे लोटते.

अन्नमार्गही असाच पाहण्याजोगा आहे. जबड्यांनी कुरतडलेले पान प्रथम अन्नाच्या पिशवीत साठते, पुढे पेषणीत दळले जाते आणि मग पाचकरसांत मिसळते. हाती धरताच नाकतोडा तोंडातून जो तपकिरी द्रव टाकतो, तो या पिशवीतीलच. पुढे आतड्यास बारीक नलिकांचा झुबका जोडलेला असतो. इटलीचे शास्त्रज्ञ मार्सेलो माल्पिघी (1628–1694) यांचे नाव या नलिकांना मिळाले आहे. त्या रक्तातील टाकाऊ द्रव्ये वेचून आतड्यात सोडतात. म्हणजे मूत्रपिंडाचे कार्य करतात. आतड्याचा शेवटचा भाग पाणी परत शोषून घेतो. बरणीच्या तळाशी पडलेल्या कोरड्या लेंड्या हा त्याचाच पुरावा.

मेंदू डोक्यातच असतो. पण माणसाचा मज्जारज्जू पाठीतून जातो, तर नाकतोड्याचा पोटाच्या बाजूने. ऐकण्याचे पडदे डोक्यावर नसून पोटाच्या पहिल्या वलयाच्या दोन्ही अंगांस असतात.

मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून अंडी घालते आणि त्यांभोवती फेस सोडते. तो वाळून अंड्यांचे कवच बनतो. उन्हाळ्यातील खोल नांगरटीने ही अंडी उघडी पडतात आणि ऊन व पक्षी त्यांचा नाश करतात. पिकांवरील नाकतोडे त्यामुळे कमी होतात. शेतकऱ्याच्या मुलास या ज्ञानाचा उपयोग घरीच पटेल.

प्राथमिक वर्गात कीटक चिरून दाखविण्याचे प्रयोजन नाही. आधी निरीक्षण, मग प्रश्न आणि शेवटी फळ्यावर आकृती, हा क्रम राखावा. क्रम उलटला, की मूल अवयवांची नावे घोकते आणि बरणीकडे पाहतही नाही. भिन्न देहांनी श्वासोच्छ्वास, पचन व उत्सर्जन ही कामे भिन्न रीतींनी साधली आहेत, एवढे ज्याला उमगले, तो पुढे कोणत्याही प्राण्याविषयी अंदाजाने बोलण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहील. पाठ संपताच नाकतोडा मुलांच्याच हातून गवतात सोडून द्यावा.