ठेंगणी मोटार आणि चाकांचा मेळ

मोटारगाडी जमिनीला जितकी धरून चालेल तितकी ती देखणी, अशी हल्लींच्या तरुण पिढीची एक आवड आहे. मूळच्या स्प्रिंगा काढून त्या जागीं आखूड स्प्रिंगा बसविल्या कीं गाडी तीन-चार सेंटिमीटर खालीं बसते. काम एका दुपारचें असतें. कारखान्यांतून बाहेर पडतांना गाडीचा डौल पालटलेला असतो, आणि घरांतील वडील मंडळीही क्षणभर कौतुकानें पाहतात. परंतु उंची उतरली म्हणजे काम संपलें, असें नाहीं. खरें काम तेथून पुढें सुरू होतें. उंचीबरोबर चाकांचे कोनही बदललेले असतात. तो बदल डोळ्यांना दिसत नाहीं, रस्त्याला मात्र तो पहिल्या कोसापासून समजतो.

बुलढाणा जिल्ह्यांत या गोष्टीचें महत्त्व अलीकडे वाढलें आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग या जिल्ह्यांतील मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता पुरा झाला. मोटारींना त्यावर ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. मुंबई-नाशिककडील कुटुंबांना शेगांवीं गजानन महाराजांच्या दर्शनास जावयाचें तर मेहकरजवळ हा मार्ग सोडून खामगांवावरून जातां येतें. वैशाखांत पूर्णेच्या खोऱ्यांत पारा ४० अंशांपलीकडे गेलेला असतो. अशा दिवसांत, तापलेल्या काँक्रीटवर, पांच माणसें व त्यांचें सामान घेऊन तासन् तास एकाच वेगानें धांवणें ही टायरची खरी परीक्षा होय. गांवांतल्या गांवांत हिंडतांना जो दोष वर्षभर लपून राहील, तो येथें एका प्रवासांत उघडा पडूं शकतो.

१ जुलै २०२३ रोजीं याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. त्या अपघाताचा ठेंगण्या मोटारींशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु अशा वेगांत चूक सांवरण्यास अवधि किती थोडा मिळतो, याची जाणीव त्यानें सर्वांनाच करून दिली.

आतां चाकांचे कोन म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. मुख्य कोन तीन. गाडीसमोर उभें राहून पाहिलें असतां चाकाचा माथा आंत किंवा बाहेर कललेला असतो, त्यास कॅम्बर म्हणतात. वरून पाहिलें असतां दोन्ही चाकांचीं तोंडें एकमेकांकडे वळलेलीं किंवा एकमेकांपासून फांकलेलीं असतात, त्यास टो म्हणतात. आणि ज्या अक्षावर पुढचें चाक वळतें तो अक्ष बाजूनें पाहिला असतां मागें झुकलेला असतो, त्यास कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होऊं पाहतें, तें मुख्यत्वें या कॅस्टरमुळें.

आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅक्फरसन पद्धतीचा आधार असतो. अर्ल मॅक्फरसन या अमेरिकन इंजिनियरच्या नांवानें ओळखली जाणारी ही रचना १९५० सालीं निघालेल्या फोर्ड कॉन्सल गाडींत दिसली, आणि पुढें जगभर पसरली. तींत शॉकअप व स्प्रिंग मिळून एक उभा खांब असतो, आणि चाकाचा तळ धरून ठेवणारा एक आडवा हात असतो. गाडी खालीं बसली म्हणजे गाडीच्या मानानें या हाताचें बाहेरचें टोंक वर उचललें जातें. तें सरळ रेषेंत न जातां कमानींत फिरतें, आणि हात आडवा होतां होतां चाकाचा तळ बाहेर ढकलतें. चाकाचा माथा आंत कलतो तो असा. गाडी फारच उतरविली आणि हात आडव्याच्याही वर गेला, तर हा क्रम उलटूं लागतो, व वळणावर गाडी झुकली असतां टायरला सपाट टेकण्यास मिळणारी मदत कमी होते.

स्टिअरिंगचा टाय रॉडही असाच कमानींत फिरतो. परंतु त्याची कमान खालच्या हाताच्या कमानीशीं तंतोतंत जुळत नाहीं. मूळ उंचीवर बसविलेला मेळ नव्या उंचीवर सुटतो, आणि टो बदलतो. कांहीं गाड्यांत चाकांचीं तोंडें आंत येतात, कांहींत बाहेर जातात.

लोकांत असा समज आहे कीं कललेलें चाक टायर खातें. तो अर्धाच खरा आहे. कॅम्बर अंशभर वाढला तरी टो बरोबर असेल तर टायर पुष्कळ टिकतें. टायरचा खरा वैरी टो होय. हिशेब करून पाहावा. प्रत्येक चाक अर्ध्या अंशानें तिरकें आहे असें धरलें, तर ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरच्या पुढल्या व मागल्या कडेंत अवघा ५ मिलिमीटरांचा फरक पडतो. परंतु असें चाक दर किलोमीटरमागें सुमारें पावणेनऊ मीटर आडवें घासत जातें. नागपूरहून मुंबईपर्यंतच्या ७०१ किलोमीटरांत हें घासणें सहा किलोमीटरांवर जातें. सहा किलोमीटर कोणी गाडी आडवी फरफटत नेणार नाहीं. पण ही पांच मिलिमीटरांची चूक थोडथोडी करून तेंच करीत असते.

चाक आंत कललेलें असल्यानें हा सारा मार आंतल्या कडेवर पडतो. बाहेरची कड नव्यासारखी राहते. आंतली कड गुळगुळीत होऊन तारा दिसूं लागण्याच्या बेतांत येते. गाडी ठेंगणी असल्यामुळें ती कड वांकून पाहिल्याखेरीज दिसतही नाहीं. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरांहून उथळ असूं नये, असा नियम आहे. पण उभ्याउभ्या पाहणाऱ्याला बाहेरचीच नक्षी दिसते. बैलगाडीची धाव एका अंगानें झिजूं लागली तर जाणता गाडीवान नुसती धाव बदलून स्वस्थ बसत नाहीं, आंसही तपासतो. मोटारीचा न्याय याहून निराळा नाहीं.

मेळ बसवितांना क्रम महत्त्वाचा. नव्या स्प्रिंगा घातल्यावर खालच्या हाताच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांना ढिले करून पुन्हां आवळावेत. चाकें लोंबकळत असतांना आवळलेले बुश गाडी जमिनीवर आली कीं कायमचे पिळलेले राहतात आणि लौकर फाटतात. टाय रॉडचीं टोंकें व बॉल जॉइंट सैल असतील तर आधीं बदलावेत. सैल सांध्यांवर घेतलेलें माप दुसऱ्या दिवशीं खोटें ठरतें. नंतर कांहीं किलोमीटर गाडी चालवून स्प्रिंगा बसूं द्याव्यात, टायरांत ठरलेली हवा भरावी, आणि मगच गाडी मापाच्या यंत्रावर घ्यावी.

यंत्रावर प्रथम मागचीं चाकें मोजावीं. बहुतेक लहान गाड्यांत मागें एकच पिळ घेणारा आडवा दांडा असतो. तेथें कोन फारसे बदलत नाहींत, आणि ते फिरविण्याची सोयही बहुधा नसते. तरीही मोजणें अवश्य आहे, कारण मागचीं चाकें गाडीला ज्या दिशेनें ढकलतात त्या दिशेला धरूनच पुढचीं जुळवावीं लागतात. मग पुढच्या चाकांचा कॅस्टर पाहावा, नंतर कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटीं. कॅम्बर हलविला कीं टो हलतो, म्हणून उलट क्रमानें केलेलें काम वायां जातें. ज्या दोन बोल्टांनीं खांब चाकाच्या जोडाशीं बांधलेला असतो त्यांपैकीं एकाच्या जागीं कॅम्बर बोल्ट घातला म्हणजे एखादा अंश परत मिळवितां येतो. टो जुळवितांना स्टिअरिंग सरळ धरून बांधावें आणि दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवावेत. नाहींतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग मात्र वांकडें राहतें. कॅम्बर कंपनीच्या आंकड्याहून किंचित् अधिक राहिला तरी चालेल, पण दोन्ही बाजूंस तो सारखा हवा. टोच्या बाबतींत मात्र कंपनीचा आंकडा सोडूं नये. एक हजार किलोमीटरांच्या आंत पुन्हां एकदां माप घ्यावें. गाडीचा कल बदलला असल्यास दिव्यांचा झोतही नव्यानें जुळवावा.

या साऱ्या उपायांना मर्यादा आहे. स्प्रिंगेचें वेटोळें कापून गाडी बसविण्याचा स्वस्त मार्ग कांहींजण घेतात. कापलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, तिचें टोंक आपल्या खोबणींत नीट बसत नाहीं, आणि खड्ड्यांत चाक लोंबलें तर ती जागची सुटूंही शकते. हा दोष कोणत्याही यंत्रावर दुरुस्त होत नाहीं. शिवाय बुलढाण्याहून मलकापुराकडे उतरणाऱ्या राजूर घाटाचीं वळणें आणि गांवोगांवचे गतिरोधक जिल्ह्यांतील प्रत्येक गाडीला ओलांडावयाचे असतात. नियमानें बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो. पण सारेच गतिरोधक नियमानें बांधलेले असतात असें नाहीं. भरल्या गाडीचें पोट त्यांवर घासत असेल, किंवा पूर्ण वळणांत टायर मडगार्डला लागत असेल, तर ती गाडी गरजेपेक्षां जास्त उतरविली आहे, हें निश्चित समजावें.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ही मर्यादा अधोरेखित केली. तेव्हां हत्यारें हातीं घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत विचारून घेणें शहाणपणाचें.

ज्यांच्या घरीं अशी गाडी आली असेल त्या वडीलधाऱ्यांनीं मुलाच्या हौसेवर रागावण्याचें कारण नाहीं. त्यांनीं त्याच्याजवळ दोनच गोष्टी मागाव्यात. एक, उंची उतरविल्यानंतर घेतलेल्या मापाचा छापील कागद. त्यावर दुरुस्तीपूर्वींचे व नंतरचे असे दोन्ही आंकडे असावेत. दुसरी, शेगांवच्या वाटेला लागण्यापूर्वीं चारही टायरांच्या आंतल्या कडेवरून फिरविलेला हात. तो हात गुळगुळीत जागेवर अडखळला नाहीं, तर मंडळींनीं निर्धास्तपणें गाडींत बसावें.