अहेव गेली, म्हणून भाग्यवान?

(पितृपक्षात रेवदंडा येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना जी वारली, तिचा हा दिवस. तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. अहेव गेली, भाग्यवान बाई, असे म्हणतात.

मला आज आठवते ती एक बाई सासरी जळून मेली होती. स्टोव्हचा भडका, एवढीच नोंद झाली. पुढच्या वर्षी याच दिवशी नवऱ्याने थाटात सवाष्ण जेवू घातली. नातवंडांसाठी आलेली तिची आई विधवा, म्हणून ओटी भरताना तिला मागच्या पडवीत बसवले. नंतर ती मला म्हणाली, "ताई, पान माझ्या लेकीचं, आणि मलाच हात लावता येईना."

२०२२ साली देशात ६,००० हून अधिक हुंडाबळींची नोंद झाली. या साऱ्या बायका 'अहेव' गेल्या. त्यांना आपण भाग्यवान म्हणायचे का? आणि जी विधवा होऊन मेली, जिला नवऱ्याने टाकले, जिने लग्नच केले नाही, तिचा दिवस कोणता?

गेल्या २ नोव्हेंबरला मी साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेले होते. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत त्या दिवशी मृतांची आठवण करतात. थडगी झाडून-पुसून त्यांवर फुले वाहिली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या. प्रार्थना सांगणारे फादर पुरुषच, हे खरे. पण मेणबत्ती लावणाऱ्या बाईला, तू विधवा की सवाष्ण, असे कोणी विचारत नव्हते.

मेक्सिकोतही हेच दिवस पाळतात. १ नोव्हेंबर लहान मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. घरोघरी फोटो, दिवे आणि मेलेल्या माणसाच्या आवडीचे जेवण मांडतात. भोवती झेंडूच झेंडू. आपल्या दसऱ्याचा हा झेंडू मूळचा तिकडचाच. गेल्या काही वर्षांत तिथे खून झालेल्या मुलींच्या आया आणि स्त्री-संघटना या दिवसांत रस्त्यावर येतात. मुलींची नावे आणि फोटो मांडून न्याय मागतात. २०२१ साली मेक्सिको शहरात कोलंबसचा पुतळा हलवल्यावर रिकाम्या चौथऱ्यावर त्यांनी लढणाऱ्या स्त्रीची आकृती उभी केली आणि कठड्यांवर नावे लिहिली. आठवण ठेवणे हाच तिथे लढा झाला.

आपल्याकडे हे परके नाही. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे रीत माणसे करतात आणि माणसेच बदलतात.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. आपापल्या घरी आईचे पान मांडायला लेकीला, सुनेला, विधवा मावशीला बरोबर घ्या. आणि २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसाविरोधी दिनी, आपण इथे समुद्रावर जमू. आपल्या भागात संशयास्पदरीत्या मेलेल्या बायकांची नावे, माहेरच्यांची परवानगी घेऊन, मोठ्याने वाचू. प्रत्येक नावाला एक पणती आणि झेंडूचे एक फूल. आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारू : चौकशी कुठवर आली?

पणती त्या आईने लावावी. तिला पडवीतून पुढे बोलवायचे काम आपले.