मळीच्या सांडपाण्यातून ऊर्जा

माण नदीकाठच्या सांगोला तालुक्याला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. सोलापूर जिल्हा मात्र साखर कारखान्यांचा. तेव्हा या उद्योगाच्या सांडपाण्याचा विचार येथे प्रथम विहिरींच्या दृष्टीने व्हावयास हवा.

उसाच्या मळीपासून इथेनॉल तयार होते. २०२५ मध्ये पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. परंतु मळीपासून मिळणाऱ्या प्रत्येक लिटर मद्यार्कामागे सुमारे ८ ते १५ लिटर तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी उरते. ते ओढ्यात गेल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. जमिनीत मुरल्यास विहिरी नासतात.

याच सांडपाण्यात ऊर्जा आहे. बंद टाकीत, हवेवाचून जगणारे जिवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करतात आणि सुमारे ६० टक्के मिथेन असलेला वायू मिळतो. गोबर गॅस संयंत्रातही हीच क्रिया घडते. त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढल्यावर हा वायू बॉयलरमध्ये जाळता येतो व तेवढे अन्य इंधन वाचते.

मात्र वायू निघाला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. रंग, क्षार आणि पालाश मागे राहतातच. ते पाणी आटवून प्रेसमडबरोबर त्याचे खत करणे, हा पुढील आवश्यक टप्पा होय. तो टाळल्यास वायूचा लाभ कारखान्याला आणि नासलेली विहीर गावाला, अशी वाटणी होईल. म्हणून कारखान्यांच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी विहिरींचे पाणी वेळोवेळी तपासून घ्यावे आणि शिक्षकांनी ही प्रक्रिया विद्यार्थ्यांना समजावून द्यावी.