माणसांची भिंत, सुरांची सोबत
(जे. पी. नगर, बेंगळुरू येथील माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)

याच जे. पी. नगरात २००४ पासून उभ्या असलेल्या रंगशंकरात वेळ झाली की दारे मिटतात. पुढे चुकले तरी थांबणे नाही. हौशी गायक-वादकाची खरी परीक्षा तीच. पुण्याच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये १९७२ साली ती माणसांच्या एका भिंतीने दिली. संगीत भास्कर चंदावरकरांचे. गाणारे-नाचणारे बहुतेक हौशी. नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे तर मानसोपचारतज्ज्ञ! एकाचा सूर ढळला, तर शेजाऱ्याने तो सावरायचा. १९ प्रयोगांनंतर मातृसंस्थेने नाटक थांबवले. पोट काही त्यावर अवलंबून नव्हते. मुकाट्याने घरी बसता आले असते. त्यांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली, आणि १९८० मध्ये तीच भिंत युरोपात गायली.