संकटातील मुकी जनावरे : ग्रामपथकांचे कार्य व शिक्षकांचा वाटा

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. पूर, आग, अवकाळी पाऊस अशा संकटांत माणसे वाचवणेच जेथे कठीण, तेथे जनावरांच्या सुटकेचा विचार कशासाठी, आणि तोही शिक्षकांपुढे का? शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच तिचे उत्तर देतो. आपल्या गावांत माणसाचे संकट आणि जनावराचे संकट वेगवेगळे काढता येत नाही. ज्याच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी बांधलेल्या आहेत, तो शेतकरी पाणी उंबऱ्याला लागले तरी घर सोडावयास तयार होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला, तेव्हा सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत हाच अनुभव आला. जनावरांना सोडून कसे जावयाचे, या एका विचाराने अनेक कुटुंबे शेवटच्या घटकेपर्यंत घरातच थांबली.

हा अनुभव आपल्या देशापुरताही नाही. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना नावाचे चक्रीवादळ झाले. निवाऱ्याच्या ठिकाणी पाळीव प्राण्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे पुष्कळांनी घर सोडण्याचे नाकारले. पुढल्याच वर्षी, म्हणजे २००६ साली, त्या देशाने कायदा करून लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार आवश्यक ठरवला. तात्पर्य, जनावरांची सोय अगोदर केलेली असेल तर माणसेही वेळेवर बाहेर पडतात.

आता आपल्या भागाकडे पाहू. भीमा नदीने आपले दोन तालुके जोडलेले आहेत. दौंड तालुक्यातील वाळकीजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि समोरच्या तीरावर शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस आहे. शिरूर गावाला तर लोक घोडनदी याच नावाने ओळखतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व पुण्यात हाहाकार उडाला. ते पाणीही याच वाटेने खाली गेले. आज धरणांतून पाणी सोडण्यापूर्वी सूचना दिली जाते आणि दौंड येथे नदीचा विसर्ग किती आहे, हे उजनीसाठी रोज मोजले जाते. पुण्याकडून सूचना आली की पाणी आपल्या गावाला पोहोचेपर्यंत काही तासांचा अवधी हाती असतो. त्या अवधीत काय करावयाचे, हे अगोदर ठरलेले असेल तरच त्याचा उपयोग.

पुरात जनावरे दगावतात, त्यांपैकी पुष्कळ पोहता येत नाही म्हणून दगावत नाहीत. गाय, बैल, म्हैस या सर्वांना उपजतच पोहता येते. ती मरतात ती बांधलेली असतात म्हणून. माणसे घाईने निघून जातात, दावे तसेच राहते आणि पाणी चढू लागले की मुके जनावर खुंट्याभोवती फिरून फिरून बुडते. म्हणून पथकाने गावाला पहिली गोष्ट शिकवावयाची ती ही : सूचना येताच जनावरे दिवसाउजेडी उंचावर न्यावीत, ते शक्य नसेल तर निदान दावे सोडून गोठ्याचे दार उघडे ठेवावे. लांब कासरा गळ्यात राहू देऊ नये, कारण तो झुडपात अडकतो. गाय पाण्याला बिचकत असेल तर वासरू पुढे न्यावे, ती आपसूक मागे येते. शेळ्यामेंढ्या व कोंबड्या सर्वांत आधी हलवाव्यात. मेंढीची लोकर भिजली की तिला स्वतःचे ओझेच पेलत नाही.

दुसरी गोष्ट स्वयंसेवकांच्या जिवाची. वाहत्या पाण्यात जनावरामागे उडी घालणे हे शौर्य नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. हेतू सुटकेचाच होता. साधन अपुरे व शिस्त ढिली असली की चांगला हेतू माणसाला वाचवू शकत नाही, हा धडा प्रत्येक पथकाने मनावर कोरून ठेवावा. त्याच पुरात पशुवैद्य, जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि गावोगावचे तरुण यांनी वैरण पोहोचवली, जखमी जनावरांवर उपचार केले. सांगलीकडील बैलांसाठी झटणारी 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था त्यांपैकी एक होय. अशा कार्याला प्रशिक्षण लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली 'आपदा मित्र' ही योजना सुरू केली, ती गावच्या तरुणांना असे शिक्षण देण्यासाठीच. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तिकडे जाण्यास योग्य असेल तर त्याला आपण प्रवृत्त करावे.

पूर ओसरल्यावरही काम संपत नाही. भिजलेल्या वैरणीला बुरशी येते; ती जनावरांना घालू नये. मेलेली जनावरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घेतलेल्या असाव्यात. जनावराच्या कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक घरी वहीत लिहिलेला असावा. हरवलेले जनावर ओळखण्यास व पंचनाम्याच्या वेळी तो उपयोगी पडतो. पाण्याबरोबर घरांत व शाळांत साप येतात. त्यांना काठीने मारू नये आणि हाताने धरण्याचे धाडस तर मुळीच करू नये. अनुभवी सर्पमित्रास बोलवावे व तोपर्यंत सापावर दुरून नजर ठेवावी.

पुराइतके लक्ष ज्याकडे जात नाही, अशा एका संकटाचा येथे उल्लेख केला पाहिजे. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला व त्याबरोबर कडाक्याची थंडी पडली. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या बाजूंना उघड्या शेतांत मेंढ्या बसवलेल्या होत्या. एका-दोन रात्रींत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. मेंढपाळ हा फिरस्ता. त्याला गोठा नाही, पडवी नाही आणि ज्या गावाच्या शिवारात तो त्या रात्री असतो, तेथे त्याची ओळखही बेताचीच असते. अशा रात्री गावात पथक असेल तर त्याला करता येण्याजोगे पुष्कळ आहे : रिकामी शेड उघडणे, कोरडा कडबा व गोणपाट पुरवणे, कोकरे शेकोटीजवळ आणून पुसून कोरडी करणे, पशुवैद्यास निरोप धाडणे. यासाठी धाडस लागत नाही. गावात कोणाचा वाडा उतरला आहे एवढी माहिती असली आणि परक्याच्या जनावराला आपल्या वळचणीखाली घेण्याचे मन असले, म्हणजे पुरे. त्या वाड्यावरची मुले आपल्या शाळेच्या पटावर असोत वा नसोत, ती माहिती मिळवणे शिक्षकाला सर्वांत सोपे असते.

आता मी अधिक अवघड भागाकडे वळतो. पाळीव जनावर संकटात असता त्याला सोडवण्यासाठी आपण हात पुढे करावयाचा असतो. रानातील जनावर संकटात असता मात्र आपला हात आवरावयाचा असतो. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या वस्तीला राहिला. रात्री भक्ष्यामागे धावताना तो कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. सकाळी ही वार्ता पसरते आणि शेकडो माणसे विहिरीच्या काठावर गोळा होतात. वास्तविक, त्याला बाहेर काढण्याची रीत आता चांगली बसलेली आहे. प्रथम दोरांनी बाज किंवा लाकडी फळी सोडतात, म्हणजे दमलेले जनावर तिच्यावर चढून विसावा घेते. मग पिंजरा उतरवतात, ते त्यात शिरले की दार पाडतात. वनखात्याचे कर्मचारी, माणिकडोह येथील बिबट निवारण केंद्रातील पशुवैद्य, पुण्याच्या 'रेस्क्यू' संस्थेसारखी प्रशिक्षित पथके या कामात निष्णात झाली आहेत. त्यांची खरी अडचण असते ती गर्दीची. आरडाओरडा, दगड, भ्रमणध्वनीवर चित्रे काढण्यासाठीची रेटारेटी यांमुळे जनावर बिथरते, काठ ढासळतो व माणूसच विहिरीत पडण्याची वेळ येते. म्हणून ग्रामपथकाचे काम येथे तीन गोष्टींत संपते : वनखात्यास ताबडतोब कळवणे, दोर लावून लोकांना दूर ठेवणे आणि मुलांना घरी पाठवणे. वन्य प्राण्यास पकडण्याचा अधिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केवळ शासनाकडे व त्याने अनुमती दिलेल्यांकडे ठेवला आहे, हेही लोकांना समजावून सांगावे.

ऊसतोडणीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. ती पोरकी झाली असे समजून लोक ती घरी आणतात. वस्तुतः आई जवळपासच असते व अंधार पडला की ती शोधीत येते. वनखाते ती पिल्ले तपासून सायंकाळी त्याच जागी खोक्यात ठेवते, माणसे दूर होतात आणि बहुधा रात्रीतून आई त्यांना घेऊन जाते. पिल्ले नाहीशी झाली तर मादी त्याच परिसरात अस्वस्थ होऊन फिरत राहते. पिल्लांना हात न लावण्यात माणसांचीही सुरक्षितता आहे. दौंडकडील माळरानांवर गवताला आग लागते, तेव्हाही हाच नियम. जाळरेषा वेळेवर काढाव्यात, पण पळणाऱ्या लांडग्याच्या वा चिंकाऱ्याच्या मागे लागू नये.

बंधुभगिनींनो, येथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालके व एक वृद्ध स्त्री यांचा बळी गेला. लोकांचा क्षोभ अनावर झाला आणि अखेर वनखात्याला एक बिबट्या नेमबाजांकरवी ठार करावा लागला. ज्या घरातील मूल गेले, त्या घराच्या अंगणात उभे राहून भूतदयेचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलांचा जीव प्रथम, याविषयी शिक्षकाच्या मनात तिळमात्र संदेह असू नये. मुलांनी घोळक्याने शाळेत यावे-जावे, उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये, तिन्हीसांजेनंतर उघड्यावर वाकून वा बसून राहू नये, घराभोवती उजेड असावा, हे रोजच्या प्रार्थनेनंतर सांगण्याजोगे आहे.

परंतु याच कारणासाठी शिस्तबद्ध पथकाची गरज अधिक आहे. क्षुब्ध जमावाने जखमी करून सोडलेला बिबट्या पहिल्यापेक्षा अधिक घातक असतो. सरसकट पकडून अन्यत्र सोडण्यानेही प्रश्न सुटत नाही. या शतकाच्या आरंभी जुन्नर भागात पुष्कळ बिबटे असे हलवण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाअंती दाखवून दिले आहे. कोणता प्राणी पकडावयाचा व कोणता सोडावयाचा, हा निर्णय जाणत्यांनी घ्यावयाचा आहे. तो निर्णय शांतपणे घेता येईल अशी परिस्थिती गावात निर्माण करणे, हे पथकाचे काम होय. असे पथक जनावराचे रक्षण करते आणि त्याच वेळी गावातील मुलांचेही करते.

मग शिक्षकाने काय करावे? सुटकेच्या कामात विद्यार्थ्यांना उतरवू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. त्यांचा वाटा तयारीचा आहे. चौथी-पाचवीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. नदी, ओढे, सखल भागातील गोठे, उंचवट्याच्या जागा, कठडा नसलेल्या विहिरी त्यात दाखवाव्यात. कोणाच्या घरी किती जनावरे आहेत आणि कोणत्या घरी ती हलवण्यास धडधाकट माणूस नाही, याची मोजदाद करावी. भूगोल व गणित यांचे पाठ यातूनच होतील आणि पथकाला अशी नोंद मिळेल, जी तलाठ्याच्या दप्तरातही सापडणार नाही. वनखात्याचा १९२६, पशुवैद्यकीय सेवेचा १९६२, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक रंगवावेत. शाळेचे पटांगण उंचावर असेल तर संकटकाळी ते जनावरांसाठी खुले राहील, असे शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्याकडून आधीच ठरवून घ्यावे. मृगापूर्वी एकदा तरी पथकाकडून दावे सोडण्यापासून पटांगणापर्यंत जनावरे नेण्याचा सराव करून घ्यावा व त्याला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून पाहावा.

शिक्षकाला गावात जो मान आहे तो त्याच्या शब्दाला आहे. विहिरीच्या काठी जमलेल्या लोकांपैकी निम्मे त्याचेच विद्यार्थी असतात. पोलीस येण्यापूर्वी, वनरक्षक येण्यापूर्वी, 'मागे सरा' असे तो म्हणाला तर लोक मागे सरतात. हा अधिकार कोणत्याही परिपत्रकाने दिलेला नाही; तो वर्षानुवर्षे मुले घडवून आपण मिळवला आहे. त्याचा उपयोग अशा वेळी व्हावा.

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत आपण प्रत्येकाने हा विषय मांडावा आणि आपल्या गावी दहा-बारा तरुणांचे पथक उभे राहील असे पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.