साहेबाच्या भाषेतले कामकरी शब्द



इंग्रजी वाक्प्रचारांवर बोलण्यासाठी एखाद्या प्राध्यापकाऐवजी कामगार संघटनेतल्या माणसाला उभे केले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे इंग्रजी कॉलेजातले नव्हे. ते नोटीस बोर्डावरचे, आरोपपत्रांतले आणि तडजोडीच्या मसुद्यांतले. सार्वजनिक वाचनालयातल्या कोशांची पाने उलटून ते आम्ही शिकलो, कारण ज्या कागदावर सही करायची त्यातला एक शब्द नीट कळला नाही, तर शेकडो घरांच्या चुलींचा प्रश्न उभा राहतो.

हा अभ्यास करताना एक गोष्ट ध्यानात आली. जी भाषा आम्ही साहेबाची म्हणून भीत होतो, तिच्यातले कितीतरी वाक्प्रचार साहेबाने केलेलेच नाहीत. ते खलाशांनी, विणकरांनी, शेतमजुरांनी आणि हमालांनी केले आहेत. त्यांपैकी थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला शब्द अर्थातच 'स्ट्राइक'. शाळेत त्याचा अर्थ मारणे, ठोकणे असा शिकवतात. मग काम बंद ठेवण्याला हे नाव कसे? गलबताचे शीड खाली उतरवण्यालाही इंग्रज खलाशी 'स्ट्राइक' म्हणत. 1768 साली लंडनच्या बंदरात खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजांची शिडे उतरवली. शीड उतरले की जहाज हलत नाही, माल हलत नाही आणि मग व्यापाऱ्याला बोलणी करावी लागतात. खलाशांचा हा शब्द पुढे सगळ्या धंद्यांतल्या कामगारांनी उचलला.

दुसरा 'गेट द सॅक', म्हणजे नोकरीवरून निघणे. सॅक म्हणजे पोते, थैली. पूर्वी कारागीर आपली हत्यारे थैलीत घालून कामावर येई. मालकाने थैली हाती दिली की त्याने समजावे, इथले काम संपले. या वाक्प्रचाराचा अर्थ बहुधा असाच लावतात, आणि फ्रेंच भाषेत तो 17 व्या शतकातच सापडतो. आपल्याकडे काय म्हणतात? 'त्याला नारळ दिला.' तिकडे थैली, इकडे नारळ. देणे दोन्हीकडे आहे, पण घेणाऱ्याचे हात थरथरतात.

तिसरा 'ऑन टेंटरहुक्स'. लोकरीचे कापड धुऊन, मळून झाले की ते आकसू नये म्हणून इंग्लंडातले कामगार लाकडी चौकटीवर ताणून वाळत घालत. त्या चौकटीला टेंटर म्हणत, आणि कापडाची किनार अडकवायला तिला जे आकडे असत ते टेंटरहुक. ज्याचा जीव तसा ताणलेला आहे, तो टेंटरहुकवर आहे. आपला जीव 'टांगणीला' लागतो, त्यांचा आकड्याला. साचाखात्यात जन्म काढलेल्या म्हाताऱ्याला हा शब्द एकदा सांगून पाहा. पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

चौथा वाक्प्रचार 'हॉब्सन्स चॉइस'. केंब्रिज गावी टॉमस हॉब्सन नावाचा मालवाहतूक करणारा गृहस्थ होता. तो 1631 साली वारला. तो घोडे भाड्याने देई. विद्यार्थी नेमके चांगले घोडे मागून ते दामटून थकवीत. म्हणून त्याने नियम केला: दाराजवळ जो उभा असेल तो घोडा घ्या, नाहीतर पायी जा. तेव्हापासून, नावाला निवड आणि प्रत्यक्षात सक्ती, अशा प्रसंगाला हॉब्सनची निवड म्हणतात. हॉब्सनची बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा नियम मुक्या जनावरांच्या विश्रांतीसाठी होता.

आमच्या अनुभवातली निवड वेगळी. एका कारखान्यात 'स्वेच्छानिवृत्ती'चे छापील अर्ज वाटले गेले. अर्ज भरा, नाहीतर पुढल्या महिन्यात दाराला कुलूप दिसेल, असे वर तोंडी सांगणे. एका कामगाराने आम्हांला विचारले, "भाऊ, यात माझी स्वेच्छा कुठली?" आम्ही त्याला हॉब्सनची गोष्ट सांगितली. तो क्षणभर हसला आणि म्हणाला, "त्या पोरांना घोडा तरी मिळत होता."

पाचवा शब्द 'बॉयकॉट'. हे एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1880 साली खंडाचा तंटा पेटला. जमिनीवरून काढलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याशी सगळा व्यवहार तोडा, असा सल्ला आयरिश पुढारी पार्नेल यांनी त्याच सप्टेंबरात दिला होता. मग बॉयकॉटच्या शेतावर मजूर येईना, दुकानदार माल देईना. पिके काढायला उत्तरेकडून सुमारे पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक व पोलीस उभे राहिले. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्या बंदोबस्ताला लागला. अखेर बॉयकॉट तिथून निघून गेला. त्याचे नाव मात्र जगभर राहिले.

इथे थोडे थांबले पाहिजे. त्या आयरिश कुळांजवळ दुसरे हत्यारच नव्हते, म्हणून त्यांचा बहिष्कार आम्हांला न्याय्य वाटतो. पण आपल्याकडे 'वाळीत टाकणे' हा वाक्प्रचार त्याहून जुना आहे, आणि ते हत्यार पुष्कळदा बळकटांच्या हाती होते. गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या गरीब घराचे पाणी तोडायचे, लग्नकार्य अडवायचे. ते थांबवण्यासाठी महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. शब्द ऐकला की तो कोण कोणावर वापरतो आहे, हे आधी पाहावे.

आता 'सॅबोटाज'. या शब्दाची एक चुरचुरीत गोष्ट सांगतात. फ्रान्समध्ये कामगार 'साबो' नावाचे लाकडी जोडे घालत, ते त्यांनी यंत्रांत फेकले आणि यंत्रे बंद पाडली, म्हणून सॅबोटाज. गोष्ट सभेत टाळ्या घेते, पण तिला पुरावा नाही. जोड्याशी शब्दाचे नाते खरे आहे. तसले जोडे घालून माणूस खडखडत, धडपडत चालतो, त्यावरून काम ओबडधोबड करणे असा त्या क्रियापदाचा अर्थ झाला. खरी हकीगत तर अधिक मौजेची आहे. 1889 साली ग्लासगोच्या गोदी कामगारांचा संप मोडला. त्यांच्या जागी आणलेल्या शेतमजुरांना काम येत नव्हते, तरी मालकांनी त्यांची वाखाणणी केली होती. तेव्हा संघटनेने परतलेल्या कामगारांना सांगितले, मालकांना तसलेच काम आवडते, तर आपणही तसेच करू. त्या उदाहरणावरून बोध घेऊन फ्रेंच कामगार चळवळीने 1897 साली सॅबोटाज हा शब्द आपल्या ठरावात आणला. पुढे मालकांनी आणि सरकारांनी त्याला घातपाताचा अर्थ चिकटवला. आरोपपत्रात हा शब्द आला तर त्याचे वजन फार असते. म्हणून त्याचा इतिहास आम्हांला ठाऊक हवा.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की इंग्रजी वाक्प्रचार भेटला तर बिचकू नका. तो प्रथम कोणत्या कामात, कोणाच्या तोंडी आला ते विचारा. आणि उत्तर फारच गोड असेल, तर साक्षीदार मागा.

शेवटी आपल्या शब्दाविषयी. इंग्रजाला काम थांबताना उतरलेले शीड दिसले. 'हरताळ' या शब्दात हाटाला, म्हणजे बाजाराला, लागलेले टाळे आहे. मराठीने मात्र त्याच घटनेला 'संप' म्हटले. संप या शब्दाचा जुना अर्थ एकी, एकोपा. गुजरातीत तो आजही त्याच अर्थाने चालतो. थांबलेल्या कामावरून नव्हे, तर ते थांबवण्याआधी माणसांत जी एकी व्हावी लागते तिच्यावरून आपल्या भाषेने हे नाव दिले. ज्या संपात ती एकी नव्हती, त्यांची गत काय झाली हे आम्ही जवळून पाहिले आहे. शब्द आपला अर्थ सांगत होता. ऐकणे आपल्याकडे होते.